विमानमार्गांचे स्तंभालेख



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयावर आम्ही पुष्कळदा बोललो आहोत, आणि समोर बसलेल्यांपैकी काहींनी ते पुष्कळदा सोसलेही आहे. म्हणून यंदा आम्ही निराळा विषय मागून घेतला. विमानमार्गांची माहिती संगणकाच्या हवाली करून तिचे स्तंभालेख कसे काढतात, आणि काढलेल्या स्तंभांवर माणसाने कितपत विसंबावे, हा तो विषय. तो ऐकून चिटणीस क्षणभर गप्प राहिले. कामगार चळवळीतला माणूस, शाळा नववीत सुटलेली, त्याचा विमानांच्या आकड्यांशी संबंध काय, असे त्यांच्या मनात आले असणार. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका विमानतळावरील कंत्राटी लोडर कामगारांचे काम आमच्या युनियनकडे आले. विमान उतरले की त्याच्या पोटात वाकून शिरायचे, बॅगा ओढून काढायच्या, गाडीवर रचायच्या, आणि पुन्हा नव्या बॅगा आत भरायच्या, हे त्यांचे काम. रात्रपाळीला माणसे कमी पडत. आम्ही मागणीपत्रकात रात्रपाळीला माणसे वाढवून मागितली आणि मागणीला आधार म्हणून एक स्तंभालेख काढला. तो स्तंभालेख चुकीचा निघाला. चूक आमची होती, पण तिची किंमत रात्रपाळीतल्या माणसांच्या पाठींनी भरली. ती चूक कशी घडली हे आज सांगावयाचे आहे, कारण तशी चूक कोणाकडूनही होऊ शकते.

आकड्यांचे भांडण कामगारांना नवे नाही. आमच्या आधीच्या पिढीने मुंबईत १९६३ साली महागाई निर्देशांकाच्या हिशेबावरून संप केला होता. महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला, आणि निर्देशांकच बाजारातल्या भावाच्या मागे राहिलेला. पुढे प्रा. लकडावाला यांच्या समितीने त्या निर्देशांकाची तपासणी केली आणि त्यात दोष सापडले. तेव्हा आकडा कोणी मोजला, काय मोजले आणि कसे मोजले, हे विचारणे हा आमच्या चळवळीचा जुना धंदा आहे. आम्ही तो धंदा दुसऱ्याच्या आकड्यांपुरता चालवला आणि स्वतःच्या आकड्यांना माफी दिली. सगळी गोष्ट एवढीच आहे.

आता स्तंभालेखाकडे येऊ. शाळेत तो सर्वांनी काढलेला आहे. चौकटीच्या कागदावर आडवी रेघ, उभी रेघ, आणि आकड्याच्या मानाने उंच-बुटके खांब. ही युक्ती विल्यम प्लेफेअर नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाच्या नावावर आहे. हा मनुष्य विद्यापीठातला नव्हे. मळणीयंत्र करणाऱ्या अँड्र्यू मीकल या कारागिराकडे त्याने उमेदवारी केली आणि नंतर बर्मिंगहॅमला जेम्स वॅटकडे नकाशे काढण्याचे काम केले. १७८६ साली त्याने देशाच्या व्यापारावर एक पुस्तक छापले. इंग्लंडचे पुष्कळ वर्षांचे आकडे त्याच्यापाशी होते, त्यांच्या त्याने चढउताराच्या रेघा काढल्या. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे आकडे त्याला मिळाले. एका वर्षात चढउतार कसला दाखवणार? म्हणून त्याने स्कॉटलंडचा ज्या १७ ठिकाणांशी व्यापार होता, त्या प्रत्येकासमोर आयातीची एक आणि निर्यातीची एक अशा आडव्या पट्ट्या काढल्या. माहिती अपुरी पडली म्हणून केलेली ही सोय आज जगातल्या प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर आहे.

ती टिकली याचे कारण आपल्या डोळ्यांत आहे. एकाच रेघेवर उभ्या असलेल्या दोन वस्तूंतली लांब कोणती, हे डोळा चटकन आणि बरोबर ओळखतो. वर्तुळाच्या दोन फोडींतली मोठी कोणती, हे सांगताना तो अडखळतो. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोघा संशोधकांनी १९८४ साली माणसांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. बाजारात कापड घेताना आपण दोन तुकडे एका टोकाला जुळवून धरतो, तेच हे शहाणपण.

आता माहिती. आम्ही जी फाइल वापरली ती ओपनफ्लाइट्स या नावाने संगणकाच्या जाळ्यावर आहे. तिच्यात जगातले विमानमार्ग लिहिलेले आहेत, आणि ती जून २०१४ पर्यंतची आहे. ६७,६६३ ओळी, ३,३२१ विमानतळ, ५४८ विमान कंपन्या. प्रत्येक ओळीत विमान कंपनीचे सांकेतिक नाव, निघण्याचा विमानतळ, पोहोचण्याचा विमानतळ, वाटेतले थांबे, विमानाची जात अशी माहिती स्वल्पविरामांनी तोडून लिहिलेली असते. मुंबईसाठी बीओएम, पुण्यासाठी पीएनक्यू, अशी तीन-तीन अक्षरांची नावे. आमच्या हजेरीपटासारखाच हा प्रकार: एक माणूस, एक ओळ, आणि पुढे रकाने.

इतक्या ओळी हाताने मोजायच्या तर महिना जाईल. तिथे संगणक उपयोगी पडतो. एका सभासदाच्या मुलीने, जी तेव्हा तंत्रनिकेतनात शिकत होती, आम्हांला पायथॉन या संगणकी भाषेची ओळख करून दिली. ही भाषा फुकट मिळते आणि तिच्याबरोबर तयार अवजारांच्या पेट्याही फुकट मिळतात. मोजदाद करण्याची पेटी पांडास, आणि चित्र काढण्याची पेटी मॅटप्लॉटलिब. ही दुसरी पेटी जॉन हंटर या मेंदूच्या अभ्यासकाने २००३ साली लोकांपुढे ठेवली. फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूतले विजेचे संकेत त्याला चित्रात पाहायचे होते. तो २०१२ साली वारला, पण त्याची पेटी जगभर चालू आहे आणि आमच्यासारख्याच्या हातीही आली.

संगणकाला द्यायच्या सूचना चारच. ही फाइल वाच. निघण्याच्या विमानतळाच्या रकान्यात प्रत्येक नाव किती वेळा आले ते मोज. त्यांतली सर्वांत मोठी दहा घे. त्यांच्या पट्ट्या काढ. चार ओळींचा कोड, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चित्र समोर. आम्ही पहिल्यांदा पट्ट्या उभ्या काढल्या, तर खालची नावे एकमेकांवर चढली. आडव्या काढल्या, तर सर्वांत मोठी पट्टी तळाशी गेली, कारण हे अवजार आडव्या पट्ट्या खालून वर रचते. अक्ष उलटा करायला सांगितल्यावर चित्र वाचण्याजोगे झाले.

येथे पहिला धडा मिळाला. या फाइलीला मथळ्याची ओळ नाही. ते संगणकाला सांगितले नाही, तर तो पहिली ओळ मथळा समजून बाजूला ठेवतो. ती ओळ रशियातल्या सोची ते कझान या मार्गाची आहे. आमची बेरीज ६७,६६२ आली तेव्हा एक मार्ग गेला कुठे म्हणून आम्ही शोधू लागलो. एवढ्या ढिगाऱ्यात एका ओळीचे ते काय, असे कोणी म्हणेल. पण हजेरीपटावरून एक नाव गळले तर त्या घरात पगार जात नाही, हे आम्ही पाहिलेले आहे. बेरीज जुळेपर्यंत चित्र काढू नये.

बेरीज जुळली आणि चित्र आले. सर्वांत लांब पट्टी अमेरिकेतल्या अटलांटाची, ९१५ ओळींची. मग शिकागो ५५८, बीजिंग ५३५, लंडनचे हीथ्रो ५२७, पॅरिस ५२४. अटलांटा दुसऱ्याच्या दीडपटीहून मोठे! आम्ही चकित झालो. अटलांटाहून ९१५ गावांना विमाने जातात, असा आम्ही अर्थ घेतला आणि दोघा-तिघांना तो अभिमानाने सांगितलाही.

तो अर्थ चूक होता. हवाई धंद्यात कोडशेअर नावाची पद्धत आहे. विमान एका कंपनीचे, वैमानिक तिचे, कर्मचारी तिचे. पण तिच्याशी करार केलेल्या आणखी दोन-तीन कंपन्या त्याच विमानातल्या जागा आपापल्या नावाने विकतात. विमान एक, तिकिटावरची नावे चार. फाइलीत त्याच्या चार ओळी होतात. एस.टी.च्या एकाच गाडीला चार पाट्या लावाव्यात आणि फाटकावरच्या माणसाने चार गाड्या गेल्या म्हणून लिहावे, तसे हे. अटलांटा हे अशा करारांचे मोठे आगर. कंपनीचे नाव बाजूला ठेवून अटलांटाहून निरनिराळी गावे किती, एवढेच संगणकाला मोजायला सांगा; ९१५ चा आकडा २२५ च्या आत येतो. आणि तशी मोजणी केली तर पहिला नंबर अटलांटाचा राहत नाही. तो जर्मनीतल्या फ्रँकफुर्टकडे जातो, सुमारे २४० गावांनिशी.

बरे, प्रवासी मोजले तर? १९९८ पासून अटलांटा जगात पहिले आहे. केवळ २०२० साली, महामारीच्या वर्षात, चीनमधल्या ग्वांगझूने तो मान घेतला होता. पण प्रवासी या फाइलीत नाहीतच. दिवसातून वीस वेळा उडणारे विमान आणि आठवड्यातून एकदा उडणारे विमान, दोघांनाही येथे एकच ओळ. सर्वांत मोठा विमानतळ कोणता, या एका प्रश्नाला ओळी, गावे आणि प्रवासी अशा तीन मोजण्या निरनिराळ्या बाजूंनी जाऊन भिडतात. पट्टी काढण्यापूर्वी एक ओळ म्हणजे काय, हे स्वतःशी ठरवावे लागते. संगणक ते ठरवत नाही. त्याला मोजता येते, कशाला मोजतो आहे हे त्याला ठाऊक नसते.

कंपन्यांच्या पट्ट्यांचीही तीच कथा. सर्वांत लांब रायनएअर या आयरिश कंपनीची, २,४८४. तिच्यामागे अमेरिकन एअरलाइन्स २,३५४, युनायटेड २,१८०, डेल्टा १,९८१, यूएस एअरवेज १,९६०. पण रायनएअर ही स्वस्त तिकिटाची कंपनी, ती गावागावांना थेट जोडते आणि दुसऱ्यांच्या विमानांवर आपली पाटी लावत बसत नाही. तिच्या ओळी तिच्याच विमानांच्या. अमेरिकन कंपन्यांच्या पट्ट्यांत भागीदारांच्या विमानांचीही भर आहे. त्या शेजारी शेजारी उभ्या करणे म्हणजे एकाच्या अंगमेहनतीची तुलना दुसऱ्याच्या मेहनत अधिक ओळखीशी करणे. शिवाय जाण्याची एक ओळ आणि येण्याची दुसरी, म्हणून मार्ग मोजताना आकडा जवळजवळ निम्मा करावा लागतो तो निराळाच.

आणि यातली यूएस एअरवेज आज आहे कोठे? ती अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, आणि ऑक्टोबर २०१५ नंतर त्या नावाने विमान उडाले नाही. आपल्याकडची जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, तीही या फाइलीत उडतेच आहे. उलट २०१७ पासून उडान योजनेतून लहान गावांची जी विमाने सुरू झाली, ती हिच्यात असणे शक्यच नाही. जुनी फाइल म्हणजे जुनी मतदारयादी. मेलेली माणसे मते देतात आणि वयात आलेली दाराबाहेर उभी राहतात. पट्ट्यांखाली साल लिहिलेच पाहिजे, आणि पाहणाऱ्याने आधी तेच वाचले पाहिजे.

आता आमच्या चुकीकडे येतो. ह्याच फाइलीतून आम्ही आमच्या विमानतळाच्या ओळी वेगळ्या काढल्या, प्रत्येक कंपनीची एक पट्टी केली, रंग भरला, आणि मोठ्या कागदावर छापून वाटाघाटीच्या टेबलावर ठेवली. इतक्या कंपन्या, इतके मार्ग, आणि रात्रपाळीला माणसे तेवढीच, असा आमचा युक्तिवाद. समोरचे अधिकारी सभ्य होते. त्यांनी कागद नीट पाहिला आणि दोनच प्रश्न विचारले. यातल्या कोडशेअरच्या ओळी किती? आणि ही माहिती कोणत्या सालची?

कोडशेअरचा रकाना फाइलीत होता. आम्ही तो उघडून पाहिला नव्हता. मघाशी जे सर्व सांगितले ते आम्ही त्या दिवसानंतर शिकलो. टेबलावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. रात्रपाळीची मागणी पुढच्या बैठकीवर गेली, आणि पुढची बैठक सहा महिन्यांनी झाली. आमची मागणी खरी होती. खोट्या पुराव्यामुळे खरी मागणी खोटी दिसू लागली.

त्या दिवशी बाहेर पडताना आमच्याबरोबर आलेला एक जुना लोडर म्हणाला, “अण्णा, त्या तिसऱ्या पट्टीवाल्या कंपनीचं विमान आपल्याकडं येतच नाही. तिची माणसं दुसऱ्याच्या विमानानं येतात. आम्ही रोज बघतो की.” आम्ही विचारले, “मग आधी का नाही बोललात?” तो म्हणाला, “तुम्ही विचारलं कुठं? कागद तर छापून आला होता.”

या उत्तरावर आम्हांला बोलता आले नाही. जो माणूस रात्रंदिवस विमानांच्या पोटात वावरतो, त्याला न विचारता आम्ही त्याच्या कामाचे चित्र काढले होते, आणि तेही हजारो मैलांवर कोणी तरी जुळवलेल्या यादीवरून. त्या सहा महिन्यांत रात्रपाळीतल्या एका तरुण पोराची पाठ धरली. त्याला पुढे ते काम झाले नाही. माणसे पुरेशी असती तर ते टळले असते असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. पण तो पोर भेटला की आम्हांला तो रंगीत कागद आठवतो.

दुसऱ्या बैठकीची तयारी निराळी झाली. जाळ्यावरची फाइल बाजूला ठेवली आणि पंधरा रुपयांची एक वही आणली. प्रत्येक पाळीतल्या एका माणसाने तीत लिहायचे: विमान कोणते, जमिनीवर केव्हा लागले, केव्हा निघाले, कामाला माणसे किती होती. एक ओळ म्हणजे खरोखर लागलेले एक विमान. हे ठरवायला एक सभा घ्यावी लागली, कारण मालवाहू विमान धरायचे की नाही, उशिरा आलेले कोणत्या पाळीत लिहायचे, यावर एकमत होईना. ती सभा आमच्या आयुष्यातल्या चांगल्या सभांपैकी एक झाली. एरवी तोंड न उघडणारी माणसे त्या दिवशी हिरिरीने बोलली, कारण विषय त्यांच्या माहितीचा होता.

महिनाभराने वही संगणकात घातली. तोच चार ओळींचा कोड. या वेळी पट्ट्या कंपन्यांच्या न काढता तासांच्या काढल्या, चोवीस तासांच्या चोवीस. परदेशी जाणारी विमाने आपल्याकडून बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतात, हे आपणांपैकी ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना ठाऊक आहे. पट्ट्यांत ते स्वच्छ उमटले. मध्यरात्र ते पहाट एवढा भाग डोंगरासारखा उंच, आणि त्याच तासांना माणसे सर्वांत कमी. शेजारी माणसांच्या पट्ट्या दुसऱ्या रंगात उभ्या केल्या, शाळेत ज्याला जोडस्तंभालेख म्हणतात तसा. त्यावर अधिकाऱ्यांनी वही मागितली. आम्ही दिली. त्यांनी ती आपल्या नोंदींशी ताडून पाहिली आणि ती जुळली. मागितली तेवढी माणसे मिळाली नाहीत, पण मिळाली. आणि पुढची मोजणी दोन्ही बाजूंनी मिळून करायची असे करारात लिहिले गेले. आम्ही त्या कलमाला पगारवाढीच्या कलमाइतकेच मानतो.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. पट्टी शून्यापासून निघाली आहे की नाही, ते पाहत जा. समजा एक आकडा ९६ आणि दुसरा १००. अक्ष शून्यापासून धरला तर दोन्ही खांब जवळजवळ सारखे. अक्ष ९५ पासून धरला तर एक खांब दुसऱ्याच्या पाचपट. आकडा कोणी बदलला नाही, फक्त खांबाचे पाय कापले. हे कोणीही करते, आमच्या बाजूचेही करतात, आणि पाहणाऱ्याचा डोळा लांबीवर विश्वास ठेवतो म्हणूनच ते खपते. दुसरे असे की, पहिली दहा हे फार सोयीचे वाक्य आहे. ३,३२१ विमानतळांतले दहा दाखवले की ३,३११ अंधारात जातात. चित्राला जागा कमी असते, हे खरे. पण उरलेल्यांची मिळून एक पट्टी तरी खाली काढावी. ती पट्टी पुष्कळदा सर्वांत लांब निघते, आणि आमची सारी हयात त्या उरलेल्यांतच गेली.

आम्ही संगणकाचे पंडित नाही, आणि येथे जे सांगितले ते महाविद्यालयातला कोणताही विद्यार्थी आमच्याहून नेटके करील. त्याला आमची विनंती एवढीच. चित्र काढून झाले की ते छापण्यापूर्वी ज्याच्या कामाचे ते चित्र आहे त्याच्याकडे घेऊन जा, आणि त्याला विचारा, “बाबा, यात काय चुकले आहे?” आमच्या युनियनच्या कचेरीत आता आठवड्यातून एका संध्याकाळी ही शिकवणी चालते. ती मुलगी, जिने आम्हांला हे शिकवले, सवड मिळेल तशी येते. आणि तो जुना लोडर पहिल्या बाकावर बसतो. कोड त्याला अजून नीट जमत नाही, पण पडद्यावर पट्टी उमटली की पहिला प्रश्न त्याचाच असतो: “ही एक ओळ म्हणजे काय धरलंय?”